दोनचा पाच

"मंजुरी आली का?"

डॉक्टर देवपुजारींनी ऑपरेशन थिएटरच्या दारातून विचारलं. हात धुऊन वर धरलेले होते आणि कोपरांवरून पाणी ठिबकत होतं.

"नाही," मी म्हणाले. "फोन वाजतोय, पण कुणी उचलत नाही. संगणकावर पान उघडतच नाही."

"किती वेळ झाला?"

"चाळीस मिनिटं."

आत टेबलावर कुसुम सरदार नावाची सव्वीस वर्षांची बाई होती. गर्भ नळीतच वाढून नळी फुटली होती आणि पोटात रक्त साठत होतं. शेजारच्या खेड्यातून तिला मालवाहू टेम्पोत गादीवर झोपवून आणलं होतं. तिचा नवरा माझ्या खोलीबाहेर योजनेचं कार्ड दोन्ही हातांत धरून उभा होता.

"हेमाताई, मी सुरू करतो," डॉक्टर म्हणाले.

"मंजुरीच्या आधी सुरू केलं तर पैसे मिळणार नाहीत."

"माहीत आहे मला." ते आत गेले आणि दार आपोआप मिटलं.

थिएटरच्या बाहेरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. गावात घरोघर आमरस-पुरणाची जेवणं चालली होती आणि जिल्ह्यात स्थानिक सुट्टी होती. योजनेचा फोन सुट्टीच्या दिवशीही चालू असतो असं कागदावर लिहिलेलं होतं.

मंजुरी आली पाच वाजून पाच मिनिटांनी. तोवर कुसुमच्या पोटाला टाके पडून तासाभरावर वेळ झाला होता आणि ती पाणी मागत होती.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी हेमलता गोसावी. पिंपळडोहच्या त्या रुग्णालयात मी एकवीस वर्षं हिशेब सांभाळले. डॉक्टर त्र्यंबक देवपुजारींनी ते ट्रस्टच्या नावावर काढलं होतं. साठ खाटा, एक थिएटर, आणि मागच्या बाजूला डायलिसिसची पाच मशीनं. पंचक्रोशीत डायलिसिस दुसरीकडे कुठेच नव्हतं. जिल्ह्याचं ठिकाण ब्याण्णव किलोमीटर लांब होतं.

सरकारी विमा योजना आली तेव्हा आम्हाला हायसं वाटलं होतं. पेशंटने कार्ड दाखवायचं, आम्ही मंजुरी घ्यायची, उपचार करायचे आणि कागद पाठवायचे, की ठरलेली रक्कम विमावाले आम्हाला देणार. पहिली दोन वर्षं पैसे दीड-दोन महिन्यांत आले. माणसं जमिनीचे सातबारे न घेता दवाखान्यात यायला लागली. डॉक्टर एकदा मला म्हणाले होते, "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी पेशंटच्या नातेवाइकाकडे न बघता नुसता पेशंट बघतोय."

मग पैसे लांबायला लागले. तीन महिने, पाच महिने, सात महिने. त्या आखाजीला आमचे एक कोटी सहा लाख रुपये अडकलेले होते. नर्स आणि वॉर्डबॉय यांचे दोन पगार थकले होते. औषधवाला रोज फोन करायचा, डायलिसिसचं सामान पुरवणाऱ्याने तर उधारी पूर्ण बंद केली होती. प्रत्येक खेपेला रोख मोजावी तेव्हा तो खोकी उतरवायचा. म्हणून सणाच्या दिवशी मी कामावर होते. अडकलेल्या दाव्यांची यादी करत बसले होते.

त्या यादीत एकोणीस दावे असे होते की त्यांच्यावर एकच शेरा होता: 'मंजुरीपूर्वी उपचार.' अपघाताचे, फुटलेल्या अपेंडिक्सचे, अडलेल्या बाळंतपणांचे. प्रत्येकाला आम्ही कारण लिहून जोडलं होतं. एकोणीसच्या एकोणीस परत आले होते.

कुसुमचं ऑपरेशन अठ्ठावीस हजारांचं होतं. ही रक्कम कुणाला फार वाटणार नाही, पण तेवढ्यात डायलिसिसचं जेमतेम दोन दिवसांचं सामान यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थिएटरचं रजिस्टर माझ्या टेबलावर मागवून घेतलं. रोजच मागवायचे, त्यात वेगळं काही नव्हतं. तायडे सिस्टरांच्या गोल, नेटक्या अक्षरात कुसुमचं नाव होतं, पुढे वेळ: 2.20. आकडे त्या इंग्रजीत लिहायच्या.

त्यांच्यासारखंच निळं पेन माझ्याकडे होतं. दोनचा पाच करायला मला फार वेळ लागला नाही. वरची कमान थोडी सरळ केली, खालची रेघ वळवून घेतली. मग फॉर्मवर मी स्वतः टंकलं, शस्त्रक्रिया सुरू: सायंकाळी पाच वीस.

मी कुणाला विचारलं नाही. डॉक्टरांना तर नाहीच, ते नको म्हणाले असते. मला त्या वेळी भीतीही वाटली नाही. उलट चहा जरा गोड लागला, हे मला अजून आठवतं. खोटं काय होतं त्यात? बाई खरी होती, रोग खरा होता, ऑपरेशन खरं होतं. माझ्या मते चुकलेलं होतं ते घड्याळ, आणि ते मी दुरुस्त केलं होतं.

अठ्ठावीस हजार या खेपेला सात आठवड्यांतच जमा झाले. बाकी एकोणीस दावे तिथेच पडून राहिले.

श्रावण लागला तेव्हा योजनेची तपासणी आली.

डॉक्टर नसरीन काझी नावाच्या बाई होत्या. पंचेचाळिशीच्या असतील, खांद्याला साधी कापडी पिशवी, स्वतःचा डबा घेऊन आलेल्या. आमच्याकडे याआधी आलेले तपासनीस आल्याआल्या जेवण कुठलं चांगलं मिळतं ते विचारायचे. या बाईंनी बारा फायलींची यादी दिली, खिडकीजवळची खुर्ची घेतली आणि वाचायला बसल्या.

यादीत कुसुम सरदार सातवी होती.

सकाळभर मी निश्चिंत होते. रजिस्टर आणि फॉर्म जुळत होते, ते मी दहा वेळा पाहिलं होतं. दीडच्या सुमारास काझीबाईंनी मला हाक मारली. त्यांच्यासमोर फाइल उघडी होती.

"गोसावीबाई, ही भूल देणाऱ्या डॉक्टरांची नोंद आहे ना?"

तो कागद मी कधी पाहिलाच नव्हता. उपचाराचे कागद माझ्याकडे यायचे नाहीत, मी हिशेबाचे बघायची. भूल देणारे डॉक्टर बाहेरगावाहून यायचे आणि आपल्याच कोऱ्या कागदावर लिहून द्यायचे. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: भूल सुरू, दुपारी सव्वादोन.

"आणि ही रक्ताची पिशवी," त्यांनी दुसरी चिठ्ठी वर केली. "थिएटरमध्ये दिली, दुपारी दोन चाळीस. ऑपरेशन पाच वीसला सुरू झालं असेल तर तीन तास ही बाई भूल घेऊन काय करत होती?"

"चूक झाली असेल कुणाची तरी."

"असेल. थिएटरच्या सिस्टरांना बोलवा."

तायडे सिस्टर आल्या. शकुंतला तायडे, थिएटरमध्ये त्यांची बावीस वर्षं झाली होती. टोपी सरळ करत टेबलापाशी उभ्या राहिल्या. काझीबाईंनी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं.

"हे अक्षर तुमचं?"

सिस्टरांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या. "हा आकडा माझा नाही."

"मग कुणाचा?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. सिस्टरांना माहीत होतं. रजिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी मागवलं, दुपारी परत कुणी पाठवलं, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत असणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं.

"मला नाही सांगता येणार, मॅडम."

"सिस्टर, रजिस्टर तुमच्या ताब्यात असतं. दुसऱ्या कुणाचं नाव आलं नाही तर मला तुमचं लिहावं लागेल."

नवरा वारल्यावर याच नोकरीवर सिस्टरांनी दोन मुली शिकवल्या होत्या. दोन वर्षांवर निवृत्ती होती. तरी त्या बोलल्या नाहीत, आणि मीही बोलले नाही. बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

डॉक्टर देवपुजारी केव्हा दारात येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलं नाही. वॉर्डची फेरी संपवून ते काझीबाईंना चहाला बोलवायला आले होते. त्यांनी टेबलावरचं रजिस्टर पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार.

"तो आकडा मी बदलला," ते म्हणाले.

"सर!" सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, तुम्ही थिएटरमध्ये जा. तीन वाजताची केस आहे." मग काझीबाईंकडे वळून ते म्हणाले, "लेखी हवं असेल ना? द्या कागद."

उभ्याउभ्याच त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि सही केली. पस्तीस वर्षं सह्या करून त्यांची सही नुसती एक लाट झाली होती. त्या दिवशी मात्र त्यांनी पूर्ण नाव लिहिलं.

संध्याकाळी काझीबाई निघाल्या तेव्हा मी त्यांना पायरीपर्यंत सोडायला गेले. त्यांनी डबा पिशवीत टाकला आणि थांबल्या.

"त्यांनी बदललेला नाही तो आकडा," त्या म्हणाल्या. "मला काय, कागदावर जी सही आहे तिचं नाव मी लिहिणार. पण एक सांगा, बदलायची गरज काय होती? जीव जात असेल तर आधी उपचार करा, चोवीस तासांत कळवा, असा नियमच आहे. खरी वेळ टाकून कारण जोडलं असतं तर चाललं असतं."

"एकोणीस वेळा जोडलं होतं, मॅडम. एकोणीस वेळा परत आलं."

"मग अपील केलं असेल ना? अपिलात असले दावे सुटतात. मी स्वतः सोडवलेत. तुम्ही किती अपिलं केली?"

"एकही नाही."

"का?"

काय सांगणार? एक अपील म्हणजे प्रत्येक कागदाच्या तीन प्रती, जिल्ह्याला तीन-चार खेपा, आणि माझ्या हाताखालचा एकुलता कारकून पगार थकला म्हणून मार्चमध्येच सोडून गेला होता. रोज नवे तीस दावे भरायचे की जुन्यांच्या मागे धावायचं? मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"हे सगळं मी अहवालात लिहीन," त्या म्हणाल्या. "पैसे वेळेवर दिले नाहीत तेही लिहीन. पण बाई, खाडाखोड सापडली की बाकीची पानं कुणी वाचत नाही."

त्यांनी लिहिलं होतं. नंतर ती प्रत मी पाहिली. दीड पान लिहिलं होतं आमच्या बाजूने. कुणीच वाचलं नसावं.

नऊ दिवसांनी पत्र आलं. रुग्णालय सहा महिन्यांसाठी योजनेतून निलंबित, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत थकलेली सर्व रक्कम स्थगित. सर्व रक्कम, म्हणजे एक कोटी सहा लाख.

मी ते पत्र घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. दार लावलं आणि म्हणाले, "मी उद्या जिल्ह्याला जाते. खरं काय ते लिहून देते. तुमचं नाव मागे घ्या."

"बसा."

"नाही, मला बसायचं नाही."

"हेमाताई, बसा." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही लिहून दिलंत तर निलंबन उठेल?"

"नाही."

"पैसे सुटतील?"

"नाही. पण तुमच्यावर गुन्हा..."

"माझ्यावरचा जाऊन तुमच्यावर येईल. मग हे एक कोटी सहा लाख कोण सोडवणार? मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. मला पोट उघडता येतं. ते दावे, ते क्रमांक, ते शेरे, हे सगळं फक्त तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही आत गेलात तर हे दुकान उद्याच बंद होईल. मी गेलो तर निदान तुम्ही भांडायला उराल."

"मी असं का केलं ते तरी विचारा."

"विचारून काय करू?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला सहन होईना. "डायलिसिस किती दिवस चालेल ते सांगा."

ते मला येत होतं. अठ्ठावीस पेशंट, प्रत्येकाला आठवड्यातून तीन वेळा. सामान, वीज आणि तंत्रज्ञांचा पगार मिळून आठवड्याला एक लाख.

"आपल्याकडे सध्या किती आहेत?"

"ऐंशी हजार."

"माझी सहा लाखांची ठेव आहे. ती मोडली तर?"

"सहा आठवडे. जास्तीत जास्त पावणेसात."

"आणि निलंबन सव्वीस आठवडे," ते म्हणाले. एवढा हिशेब त्यांना येत होता.

ठेव त्यांनी मोडली. ते सहा आठवडे मी पेशंटसाठी दुसरी जागा शोधण्यात घालवले. जिल्ह्याच्या गावात योजनेखाली डायलिसिस करणारी तीन रुग्णालयं होती. एकाने चार जागा दिल्या. दुसऱ्याने पाच. सरकारी दवाखान्यात प्रतीक्षा यादी होती. तिथल्या बाईंच्या मी इतक्यांदा हातापाया पडले, की शेवटी त्यांनी आठ नावं लिहून घेतली. सतरा झाले. उरलेल्या अकरांसाठी मी दोनशे किलोमीटरपर्यंत फोन केले. कुठेच मशीन रिकामं नव्हतं.

सतरांत कुणाला घालायचं ते मलाच ठरवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना जमणार नाही. मी वय पाहिलं, घरी कोण कमावतं ते पाहिलं, बसच्या रस्त्यावर गाव आहे का ते पाहिलं. असा हिशेब मी त्याआधी कधी केला नव्हता. यादी करताना हात कापला नाही. रजिस्टरच्या वेळीही कापला नव्हता.

शालिग्राम बोदडे हे त्या सतरांतले. रिटायर झालेले एसटी कंडक्टर, वय एकसष्ट. तीन वर्षं आमच्या चौथ्या नंबरच्या मशीनवर यायचे. मी जागा मिळाल्याचं सांगितलं तेव्हा हसले.

"ब्याण्णव किलोमीटर न मॅडम? तो रूट माह्या पायाखालचा हाय. बत्तीस वर्षं त्याच गाडीवर होतो मी. फुकटचा पास हाय."

"आठवड्यातून तीनदा जावं लागेल, काका. चुकवू नका."

"गाडी कवा चुकवली नाही आपुन."

शेवटच्या दिवशी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, मशीनं बंद झाली तेव्हा तंत्रज्ञाने नळ्या गुंडाळल्या आणि खोलीला कुलूप लावलं. अकरांपैकी सात जण त्या दिवशीही आले होते. जागा नाही म्हणून सांगितलेलं असूनही, मागच्या बाकावर बसून होते. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "सोमवारी येऊन पाहू का मग?" मी म्हणाले, "नका येऊ." तो सोमवारी आला.

मी भांडले. दोन वर्षं भांडले. अपिलं केली, एकोणीसच्या एकोणीस केली, आणि काझीबाई म्हणाल्या तसंच झालं, त्यातली सोळा सुटली. बाकीचे थकलेले दावे धरून एकूण एकेचाळीस लाख आले. तोवर रुग्णालय मिटून सव्वा वर्ष झालं होतं. बँकेने ते आले तसे रुग्णालयाच्या जुन्या कर्जात वळते करून घेतले. डॉक्टरांवरचा खटला चार वर्षं चालला. दर तारखेला ते स्वतः गाडी चालवत जायचे आणि कोर्टाच्या आवारातल्या बाकावर बसून राहायचे. परवाना आधीच गेला होता. निकाल लागायच्या पाच महिने आधी ते झोपेतच गेले. तायडे सिस्टर अंत्ययात्रेला आल्या होत्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतरही कधी बोलल्या नाहीत.

अठ्ठावीसपैकी पहिल्या वर्षातच चौदा जण गेले. ज्या अकरांना जागा मिळाली नाही त्यांतले दहा, आणि सतरांतले चार.

शालिग्राम बोदडे त्या चारांतले. पहिला महिना ते तिन्ही वेळा गेले. नंतर थंडी पडली, मग आठवड्यातून दोनदा. डायलिसिस करून बसमध्ये साडेतीन तास बसवत नसे म्हणे, खिडकीला डोकं लावून यायचे आणि दोन दिवस उठायचे नाहीत. पुढे आठवड्यातून एकदा. जानेवारीत संक्रांतीनंतर चार दिवसांनी गेले.

फेब्रुवारीत त्यांची बायको द्वारकाबाई माझ्याकडे आली. रुग्णालयात तेव्हा पेशंट नव्हतेच. मी एकटी जुन्या फायली पोत्यांत भरत होते. ती दाराशी उभी राहिली. मी खुर्ची दिली तर खालीच बसली.

"तुमाले काम हाय का मॅडम?"

"नाही. बोला काकू."

तिने पदराची गाठ सोडली आणि योजनेचं कार्ड काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं.

"हे मी सेतूत दाखवलं. तिथल्या बाईनं कॉम्प्युटरवर पाह्यलं. म्हने, यावर अजून तीन लाख ऐंशी हजार शिल्लक हायेत."

"हो."

"मंग ते कोनाले भेटतीन? माह्या नावानं निघतीन का पोराच्या? मले लई नाही लागत. तेराव्याचे वीस हजार देनं हाय, तेवढे निघाले तरी होते."

मी तिच्या शेजारी खाली बसले. मला सांगायला फार वेळ लागला. ते पैसे नसतात, काकू. ती एक मर्यादा असते. माणूस दवाखान्यात भरती झाला तर त्याच्यावर तेवढ्यापर्यंत खर्च होऊ शकतो. माणूस नाही तर ते काहीच नाही. कुणाच्या खात्यात ते नसतातच.

तिने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"म्हंजे ते व्हते, पन नव्हते?"

"तसंच म्हणा."

"मंग हे मानूस जिता असतानीच असंन," ती म्हणाली. रागाने नाही. नीट समजून घेतल्यासारखं म्हणाली. कार्ड पुन्हा पिशवीत घातलं, पिशवी पदराला बांधली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमी त लई केलं, मॅडम. तुमीच जागा मिळवून देली त्यायले, हे ते मराच्या दिवशी बी म्हनत व्हते. डॉक्टरनं पाप केलं. गावात समदे सांगतात, त्यानं पैशापायी कागदावर खाडाखोड केली. एवढा शिकेल मानूस. त्यानं तेवढा आकडा बदलला नसता, त माहा मानूस आज इथं मशीनवर झोपेल असता. व्हय का नाही?"

तिचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच होता. उत्तरासाठी ती थांबली होती.

"हो," मी म्हणाले.

"तेच म्हनतो मी." ती उठली. पदर सावरला. "आमच्याकडची गाडी केव्हा हाय आता?"

"साडेतीनची."

"मंग निंगतो," म्हणाली, आणि गेली.